पुसट आलेला फोटो

आमच्या चर्चतर्फे मी मेम्फिसच्या दवाखान्यात जगणार नसलेल्या बाळांचे फोटो काढते, आईबापांपाशी काहीतरी राहावं म्हणून. डेलफीनच्या बाळाची श्वासाची नळी दुपारी काढणार होते. तिथं फ्लॅश चालत नाही, म्हणून मी काचपेटीशी ट्रायपॉड लावला आणि मंद उजेडात शटर बराच वेळ उघडं ठेवून फोटो घेतला. कॅमेरा तसूभर हलला नव्हता, तरी बाळाची छाती पुसट आली. “श्वासानं हललाय,” मी म्हणाले. “बापावर गेलाय,” भजन गुणगुणणारी बाळाची आजी म्हणाली, “एका जागी राहील तर शपथ, लबाड कुठला.” नळी काढली. आईच्या कुशीत बाळ थोडा वेळ टिकलं, मग आजीचा सूर थांबला. मी ट्रायपॉडवरून दुसरा फोटो घेतला; पापण्यासुद्धा स्पष्ट आल्या. “हा नीट आलाय, पोरी. हाच छापते.” डेलफीननं पहिल्या फोटोवर बोट ठेवलं. “हा द्या, मावशी. यात तो श्वास घेतोय.”