पडलेली संहिता

पोलंडमध्ये लष्करी कायदा लागला, आमच्या लुब्लिन शहरातली नाट्यगृहं बंद झाली, म्हणून आम्ही आमच्या ज्येष्ठ नटी लुद्विकाबाईंच्या घरातच तालीम करत होतो. भर दुपारी पोलीस दार फोडून शिरले. माझं व्हायोलिन त्यांनी भिंतीवर आपटलं आणि मला दंडुक्यांनी लोळवलं. अधिकाऱ्यानं सत्तरीच्या लुद्विकाबाईंच्या थोबाडीत दिली, तशी त्यांच्या हातातली संहिता खाली पडली. पडलेल्या संहितेवर आधी पाय द्यायचा, मगच ती उचलायची, नाहीतर नाटक पडतं, असं आमच्याकडचे सगळे नट मानतात. बाईंनी पाय पुढे केला, तर त्यानं नडगीवर लाथ घालून त्यांना पाडलं. “नाटकं करतेस काय गं, थेरडे?” म्हणत तो चिखलभरल्या बुटांनी स्वतःच पानं तुडवू लागला. रक्ताळलेल्या तोंडानं बाई जमिनीवरूनच खदखदून हसल्या. “तिसरा अंक राहिला की रे, बाळा. त्यावरही नीट पाय दे, म्हणजे नाटक पडायचं नाही!”