बैठकीतली ऊब

खोल्या गरम ठेवणारा नवा बॉयलर मी भिंतीवर चढवला होता. गॅसची जोडणी उद्या होणार होती, तरी मी बैठकीतल्या रेडिएटरचा व्हॉल्व्ह सहज फिरवून पाहिला, तर तो तापायला लागला.

"वा, पटकन झालं," घरातली सून म्हणाली.

"ताई, गॅस नाहीये अजून."

"मग फुकटच की."

खिडकीपाशी बसलेल्या सासूबाईंनी शाल ओढून घेतली. "गारठा वाढला का गं?"

मी व्हॉल्व्ह बंद केला. रेडिएटर निवला आणि म्हातारीच्या गालांवर रंग आला. पुन्हा उघडला, तर तिचे ओठ निळे पडले. मी घाईघाईने बंद करायला गेलो, तेवढ्यात सुनेने माझा हात बाजूला केला.

"राहू द्या. आईंना उकाडा सोसत नाही," असं म्हणून तिने व्हॉल्व्ह पूर्ण उघडला.

थोड्याच वेळात बैठक इतकी उबदार झाली की मला स्वेटर काढावा लागला. सासूबाईंची काहीच तक्रार नव्हती. त्यांची आता कशाबद्दलच तक्रार नव्हती.

सुनेने झोपायच्या खोलीत जाऊन तिथल्या रेडिएटरला हात लावून पाहिला.

"हा गारच आहे अजून," ती म्हणाली, आणि जिन्याकडे तोंड करून तिने गोड हाक मारली, "अहो, जरा खाली येऊन बसता का?"