खडीवरची धाव

"पाय आहेत की लाकडं?" काचेपलीकडून दिग्दर्शक ओरडला. "आपला नायक शत्रूवर तुटून पडतोय, भाजी आणायला नाही निघालेला!"

नभोनाट्याचं ध्वनिमुद्रण अडलं होतं. नाटकातले आवाज काढणारा म्हातारा खडी भरलेल्या ट्रेमध्ये धापा टाकत उभा होता. याच खोलीत त्यानं आयुष्यभर लढाया जिंकून दिल्या होत्या. उशीवर छडी हाणली की गोळी सुटायची, पत्रा हलवला की तोफ. बोलूनचालून खोटं युद्ध, पण ऐकणारे ढसाढसा रडायचे. आता मात्र गुडघ्यांनी दगा दिला होता.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर त्याचा मुलगा बसला होता. तो खऱ्या युद्धावरून परतला होता. त्याचा जिवलग मित्र तिकडेच गेला. घरी आल्यापासून पोरगा चकार शब्द बोलत नव्हता, नुसता भिंतीकडे बघत बसायचा. "याला जरा बाहेर तरी न्या हो," असं आईनं रडून सांगितलं, म्हणून बाप त्याला कामावर घेऊन आला होता.

"तू धावतोस का रे?" बापानं विचारलं. "तुला खरं धावणं ठाऊक आहे."

मुलगा मुकाट्यानं ट्रेमध्ये येऊन उभा राहिला. लाल दिवा लागला. जखमी मित्राचं काम करणारा नट माइकसमोर कळवळून ओरडला, "थांब! जाऊ नकोस रे!"

मुलाचा चेहरा पांढराफटक पडला. मग तो धावत सुटला. जागच्या जागी, पण जीव खाऊन. खडी उडून भिंतीवर आपटू लागली. दिवा विझला तरी तो थांबेना. शेवटी बापानं त्याला घट्ट मिठीत धरलं.

दिग्दर्शक डोळे पुसतच आत आला. "याला म्हणतात शूराची धाव! हे ऐकून घराघरातली पोरं सैन्यात जातील."

बापाचा ऊर भरून आला. इतके महिने विचारायचा धीर झाला नव्हता, तो आज झाला. "त्या दिवशीही असाच धावलास ना, बाळा?"

"हो, बाबा. अगदी असाच." मुलाची नजर खडीवरून हलत नव्हती. "तोही मागून असंच ओरडत होता. फक्त माझं तोंड घराकडे होतं."