दोन ब्रेकची गाडी

सिग्नल हिरवा झाला तरी ड्रायव्हिंग स्कूलची गाडी चौकातून हलली नाही. स्टिअरिंगवर स्वतः मास्तर होते. शेजारी, शिकवणाऱ्याच्या सीटवर, मास्तरीणबाई. शिकाऊ माणूस गडबडला तर दाबायला त्या बाजूलाही पायाखाली एक ब्रेक असतो. मागे त्यांची लेक होती आणि तिच्या मांडीवर ढब्बू.

ढब्बू त्यांचा कुत्रा. जेवणानंतर त्याचं पोट ढोलासारखं फुगलं. उलटीसाठी तो पुन्हा पुन्हा मान पुढे काढी, पण बाहेर काहीच येत नव्हतं. आता हिरड्याही पांढऱ्या पडल्या होत्या. थांबून चालणार नाही हे तिघांनाही कळत होतं. कुठे जायचं, तेवढं कळत नव्हतं.

डावीकडे म्हातारे डॉक्टर. दवाखाना अगदी जवळ, शिवाय ढब्बूला ते पिल्लू असल्यापासून ओळखत. पण ते फोन उचलत नव्हते आणि त्यांच्याकडे ऑपरेशनची सोय नव्हती. उजवीकडे, पुलापलीकडे, मोठं हॉस्पिटल. तिथे सगळी यंत्रं. पण शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आहेत का, हे फोनवरच्या मुलीला माहीत नव्हतं. विचारून सांगते म्हणाली, ती अजून विचारतच होती. मावशीने फोन करून सांगितलं, म्हाताऱ्यांच्या हाताला गुण आहे. शेजाऱ्यांची मांजर मोठ्या हॉस्पिटलात बरी झाली होती. बिल्डिंगच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, की तिथून त्यांच्या कुत्र्याचा फक्त पट्टा घरी आला. व्यक्ती तितक्या प्रकृती म्हणतात, इथे व्यक्ती तितके दवाखाने झाले होते.

मास्तरांनी गाडी उजवीकडे वळवली. बाईंनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. गाडी गचका देऊन बंद पडली.

पुलावर गर्दी असेल, तोवर काय करायचं, असं बाईंचं म्हणणं. जवळ आहे म्हणून कुलूप बघायला जायचं का, असं मास्तरांचं. दोघांचंही खरं होतं, हीच तर पंचाईत होती. मास्तरांनी पुन्हा गाडी चालू केली, पुन्हा चाक उजवीकडे फिरवलं आणि बाईंचा पाय पुन्हा ब्रेकवर गेला. त्यात त्यांचाही फारसा दोष नव्हता. समोरचा चुकतोय असं वाटलं की पाय आपोआप खाली जातो, तीच तर नोकरी. लेक हे लहानपणापासून बघत आली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं, अख्ख्या गावाला गाडी शिकवणाऱ्यांच्या या मुलीला गाडी येत नव्हती. तिला दोघांनी मिळून शिकवलं होतं.

मागे बेकरीची व्हॅन उभी होती. तिच्या ड्रायव्हरने आधी हॉर्न वाजवला. मग गाडीवरची 'एल'ची पाटी पाहून त्याला दया आली असावी. तो उतरला आणि मास्तरांच्या खिडकीशी वाकला.

"काका, घाबरू नका. क्लच हळूहळू सोडा. सुरुवातीला सगळ्यांचंच होतं असं."

सिग्नल पुन्हा पिवळा, पुन्हा लाल झाला. ढब्बूने मान पुढे काढली आणि या वेळी ती परत वर घेतलीच नाही. लेकीच्या हाताखाली त्याचं पोट घट्ट लागत होतं आणि श्वास नुसता वरच्या वर चालला होता. तिला इतकी भीती वाटली की रडूही येईना.

तिने दार उघडलं. ढब्बूला दोन्ही हातांनी उचलून ती खाली उतरली आणि बेकरीवाल्याला म्हणाली, "दादा, आम्हाला दवाखान्यात सोडता का?"

त्याने एकदा ढब्बूकडे पाहिलं आणि एकही प्रश्न न विचारता व्हॅनचं पुढचं दार उघडलं. आतला पावाचा एक रिकामा ट्रे मागे ढकलून तिला बसायला जागा केली. मग व्हॅन मागे घेतली, वळसा घालून स्कूलच्या गाडीशेजारी आणली आणि पहिल्यांदा विचारलं, "कुठे?"

लेकीने खिडकीतून पाहिलं. मास्तर आणि बाई दोघंही उतरून गाडीच्या दोन बाजूंना उभे होते. मास्तरांचा चेहरा एकदम म्हातारा दिसत होता. दोघांनाही ओरडून काही सांगायचं होतं, पण चौकातल्या हॉर्नमध्ये शब्द पोहोचत नव्हते, म्हणून दोघंही हात लांब करून रस्ता दाखवत होते.

मास्तर आता डावीकडे दाखवत होते, म्हाताऱ्या डॉक्टरांकडे. बाई उजवीकडे दाखवत होत्या, पुलाकडे.

बेकरीवाल्याने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. "भांडतायत का हो ते?"

"नाही," लेक म्हणाली. "आत्ताच मिटलं त्यांचं."

"बरं झालं." त्याने गिअर टाकला. "मग सांगा ताई, कुठे घेऊ?"