भिंगरीचे आठ दिवस

सूनबाई चिखलात आपटली ती बरोबर कुंपणापलीकडे उभ्या सासऱ्यांच्या बुटांपाशी. तिला पाडून भिंगरी घोडी रिंगणाच्या दुसऱ्या टोकाला पोचलीसुद्धा होती आणि शेपटी उंचावून नाचत होती. कुंपणाबाहेर घोड्यांच्या व्यापाऱ्याची गाडी मागची फळी खाली टाकून तयार उभी होती.

"झालं समाधान?" सासरे म्हणाले. "आठवा दिवस आहे आज."

ती उठली. तोंडातला चिखल तिने थुंकून टाकला. कोपर चांगलंच सोललं होतं, पण सासऱ्यांसमोर ते चोळायचं नाही, एवढं तिने पडता पडताच ठरवलं होतं.

घोडेस्वारी शिकवण्याची ही शाळा सासऱ्यांची. त्यांचा मुलगा घोड्याला लांबूनच नमस्कार करणारा. लग्न होऊन आलेली सूनच तबेल्यात रमली. भिंगरीला पाठीवर माणूस घ्यायला तिनेच शिकवलं. वर्षभर ही घोडी गुणी असायची, सहा वर्षांच्या पोरांनाही सांभाळून न्यायची. पण पाऊस सरून पानगळ सुरू झाली, गार वारा सुटला, की तिच्या अंगात यायचं. उडणाऱ्या पानाला बुजायची, दाराला लाथा घालायची, स्वाराला फेकून द्यायची. दर वर्षी सासरे म्हणत, यंदा विकतोच. दर वर्षी सून आडवी येई. यंदा मात्र त्यांनी व्यापाऱ्याला शब्द देऊन टाकला होता.

"घोडी वेडी नाही, आपण वेडे आहोत," ती तेव्हा म्हणाली होती. "थंडी येणार म्हणून दाणा वाढवायचा, जमीन ओली म्हणून काम बंद ठेवायचं. नुसतं खाऊन उभं राहायचं म्हटलं तर तुम्हीसुद्धा लाथा झाडाल. आठ दिवस द्या मला."

"आणि नाही सुधारली तर?"

"तर तिच्या मागोमाग मीही तबेल्याबाहेर. पुन्हा पाऊल टाकणार नाही."

बोलून तर बसली. मग तिने इतर दोन घोड्यांचा दाणा निम्म्यावर आणला, भिंगरीचा तर पुरता बंद केला. दाण्याच्या पेटीला कुलूप घातलं, किल्ली गळ्यात अडकवली. रोज सकाळी तिन्ही घोड्यांना लांब दोरीवर घामाघूम होईपर्यंत फिरवलं. पाचव्या दिवशी तांबडा घोडा गाईसारखा गरीब झाला. सहाव्या दिवशी पांढरं तट्टू उन्हात डुलक्या काढू लागलं. भिंगरी मात्र होती तशीच, उलट काकणभर जास्तच. काल संध्याकाळी खरारा करता करता सूनबाईच्या मनात पहिल्यांदा आलं, की म्हातारा खरं बोलत असेल तर? त्या विचाराने तिला रडूच आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचा भयंकर राग आला.

"बाई, सोडा आता," व्यापारी कुंपणावरून म्हणाला. "चढवू द्या तिला गाडीत."

"ती फळी वर करा," ती म्हणाली. "आठवा दिवस मावळेपर्यंत माझा आहे. मी परत बसणार."

"अगं, हातपाय मोडून घेशील!" सासरे ओरडले. "तुझ्या हट्टापायी घरात बसून तुला भरवत बसू का मी?"

"बसा. मी तोंड उघडणार नाही."

व्यापाऱ्याला हसू आवरलं नाही. सासरे मात्र भडकले. रोज पहाटे फिरायला जाताना घालायचा तोच जाड कोट सावरत ते स्वतःच तरातरा रिंगणात शिरले. घोडी धरून गाडीत घालायची आणि एकदाचा विषय संपवायचा, असा त्यांचा आवेश होता.

सुनेला वाटलं, भिंगरी आता पळणार. भिंगरी पळाली नाही. सासरे दिसताच ती नाचायची थांबली, कान पुढे करून दुडक्या चालीने थेट त्यांच्याकडे आली आणि तिने त्यांच्या कोटालाच तोंड घातलं.

"बघा! चावते!" सासरे मागे सरकत म्हणाले. "आठ दिवस सांगतोय, मला बघितलं की चावायला येते!"

भिंगरीने एक हिसका दिला. खिसा टर्रकन फाटला आणि आतले ओंजळभर ओटचे दाणे भुरुभुरु चिखलात सांडले. घोडी मान खाली घालून शांतपणे ते वेचू लागली.

सासऱ्यांनी दुसऱ्या खिशावर हात दाबून धरला होता. तोही टम्म फुगलेला होता.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "पेटी तर कुलपात आहे."

"दुकानातून आणतो." त्यांनी मान वर केली नाही. "विकायला काढली ना मी तिला. माझ्या दारातून उपाशी जायला नको."

"कधीपासून चाललंय हे?"

"दर वर्षीच. पानं गळायला लागली की ठरवतो, यंदा विकायची. मग रोज पहाटे वाटतं, आता चारच दिवस आहे बिचारी आपल्याकडे."

सुनेने वाकून भिंगरीचा लगाम हातात घेतला. मग ती व्यापाऱ्याकडे वळली.

"गाडी रिकामी न्या. आठ दिवस आजपासून मोजायचे." आणि सासऱ्यांपुढे चिखलाने माखलेला हात पसरून ती म्हणाली, "बाबा, तो कोट काढा."