कडुनिंबाचा फोन

मुलांनो, कल्पना करा, रोपं बोलू लागली आहेत. ज्या माणसाने आपल्याला लावलं, त्यालाच ती मुळाशी पुरलेल्या छोट्या यंत्रातून फोन करतात आणि पाणी मागतात.

शलाकाचे बाबा नगरसेवक. वसुंधरा दिनाला त्यांनी कडुनिंबाचं रोप लावलं होतं. आज ते जेवायला बसले आणि फोन वाजला.

"साहेब, पानं गळायला लागली. आज तरी या."

बाबांनी फोन बंद केला. "अगं, मी फोटोपुरता हात लावला होता. माळी घालेल की पाणी!"

"माळ्याला कोण सांगणार? ते फक्त तुम्हालाच ओळखतं."

"उद्या बघू."

"उद्या त्याचा फोन येणारच नाही, बाबा."

शलाकाने उठून कळशी भरली आणि बाबांच्या चपला दारात सरळ करून ठेवल्या.