एक्केचाळीस हात

"दोष त्या एकट्याचा होता," प्राध्यापक बाई ठासून म्हणाल्या. "वर बसलेल्या नेत्याचा. खालच्यांना जिवाची भीती होती. त्यांनी करायचं तरी काय?"

टाळ्या पडल्या. सोव्हिएत काळातल्या छळाला जबाबदार कोण, एक नेता की सगळेच, यावर वाद चालला होता. बाई तीस वर्षं नेत्यालाच दोषी धरत आल्या होत्या. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांचे वडील तेव्हा ट्रॅक्टरच्या कारखान्यात फिटर होते. तिथल्या इंजिनिअरला कामगारांच्या सभेनं हात वर करून देशद्रोही ठरवलं होतं. तो सक्तमजुरीच्या छावणीतून परतलाच नाही.

"बाबा, तुम्हीही हात वर केला होता?" एवढं विचारायचा धीर बाईंना बाबा जाईपर्यंत झाला नाही.

समोरच्या बाजूनं एक म्हातारे घड्याळजी उठले.

"ट्रॅक्टरच्या कारखान्यातल्या एका इंजिनिअरला कामगारांच्या सभेनं देशद्रोही ठरवलं. तो माझा बाप," ते म्हणाले.

बाईंनी हातातली टिपणं खाली ठेवली.

घड्याळजींनी चष्मा लावून एक कागद उलगडला. "त्या सभेचं हे इतिवृत्त. हजर बेचाळीस. वर झालेले हात एक्केचाळीस. त्यांच्यासमोर नेता नव्हता, बाई. माझे वडील उभे होते."

"आणि बेचाळिसावा?" बाईंनी विचारलं.

"एक फिटर. आडनाव तुमचंच आहे."

बाई खाली बसल्या. रडू आणि हसू एकदमच आलं. मग डोळे पुसून त्या पुन्हा उठल्या.

"मी हरले. आनंदानं हरले! एकाला हात खाली ठेवता आला, म्हणजे सगळ्यांनाच आला असता. दोष सगळ्यांचाच."

सभागृह उभं राहिलं. घड्याळजींनी कागदाची घडी घातली.

जिना उतरताना बाईंनी त्यांना हाताला धरलं होतं. कित्येक वर्षांत बाईंना इतकं हलकं वाटलं नव्हतं.

"दादा, एक कळत नाही. एवढ्या जणांसमोर हात वर केला नाही, तरी बाबांना शिक्षा कशी झाली नाही?"

"गार वारा सुटलाय. चला."

"सांगा ना."

घड्याळजी पायरीवर थांबले.

"शिक्षा कशाला होईल, ताई? ते हात मोजत होते."